तंबाखूचं पाणी

आई, आज मी तुझ्यावर ओरडणार आहे. या खेपेला तुला मधेच "बास झालं, भांडी घास जा" म्हणून मला गप्प करता येणार नाही. तू गेलीस तेव्हा माझा मुलगा रांगत होता. तो आता बेंगळूरला नोकरी करतो आणि फोनवर मलाच दटावतो, गोळी घेतलीस का, पाणी पितेस का. इतक्या वर्षांत मी तुझ्याबद्दल वाईट शब्द काढला नाही आणि कुणाला काढू दिला नाही. शाळेत शिकवत होते तेव्हा वर्गातल्या पोरींना तुझ्या गोष्टी सांगायचे, माझ्या आईनं निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळून मला शिकवलं म्हणून. त्या डोळे मोठे करून ऐकायच्या आणि मला अभिमान वाटायचा. आता त्या सगळ्यांना गोळा करून सांगावंसं वाटतं, बायांनो, मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली, कारण उरलेली अर्धी मलाच कुणी सांगितली नव्हती.

सगळं निघालं ते आमच्या कुत्रीवरून. हो, माझ्या घरात कुत्री आहे. तुला पटणार नाही. मुलानं कॉलेजात असताना पिल्लू आणलं, नाव रुबी ठेवलं, आणि नोकरी लागल्यावर बॅगा भरून निघून गेला; रुबी राहिली माझ्या गळ्यात. आणली त्या दिवशी मी घर डोक्यावर घेतलं होतं. "माझ्या हाती जित्राब टिकत नाही, आत्ताच्या आत्ता परत देऊन ये," म्हणून ओरडले. मुलगा हसून म्हणाला, "कोण म्हणतं असं?" कोण म्हणणार? तूच म्हणायचीस. मी तिला उचलून घ्यायची नाही, आंघोळ घालायची नाही, लांबून ताटली सरकवायची. फाटकाची कडी लावली की नाही ते मात्र परत परत जाऊन बघायची. अजून बघते. भाजी आणायला निघालेली बाई निम्म्या वाटेवरून कडी बघायला मागं फिरते, हे आमच्या शहापुरातल्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे. आमचे हे म्हणतात, अगं, कुत्री आहे ती, वाघ नाही. त्यांना काय सांगणार, की मला वाघाची नाही, माझ्या हातांची भीती वाटते.

पण कुत्र्याला आपल्या भीतीचं काय पडलंय? ती यायची आणि माझ्या पायांवर हनुवटी टेकून बसायची. हळूहळू मी तिच्या कानामागं खाजवायला लागले, आणि तिथंच ते दिसलं. रुपयाएवढी जागा उघडी पडलेली, केस गेलेले, कातडी लालसर, वर कोंड्यासारखे पापुद्रे. आधी वाटलं, कुठं तरी घासली असेल. मग डोळ्याभोवती तसंच झालं, मग पुढच्या पायाच्या कोपराला, आणि ती मागच्या पायानं कान असा खाजवायला लागली की फरशीवर टकटक ऐकू यायचं. आपल्याकडं माणसाला खोकला आला आणि कुत्र्याला खाज सुटली की गल्ली डॉक्टर होते. शेजारच्या आक्कांच्या घरात यंत्रमाग आहेत, त्या म्हणाल्या, "मागाचं काळं तेल चोळ गं. आमच्या सासऱ्यापास्नं ह्येच लावत्यात." मी हसले. अशी हसले आई, की आता आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. "तेल कशाला आक्का, आमच्या निपाणीकडं ह्याला तंबाखूचं पाणी लावत्यात. माझ्या आईचं औषध हाय. एकदा लावलं की परत बघायला नको." हे मी, माझ्या तोंडानं, मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी तंबाखू आणायला पानपट्टीवर गेले. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, शाळेतून निवृत्त झालेली बाई. पानपट्टीवाल्यानं माझ्याकडं दोनदा पाहिलं आणि पुडी बांधून दिली. घरी येऊन जुनं पातेलं काढलं, पाणी टाकलं, तंबाखू टाकली आणि गॅस पेटवला. वाफ आली आणि आई, तू आलीस. खरंच आलीस. संध्याकाळी गावच्या फाट्यावर वखारीच्या बायकांचा टेम्पो थांबायचा, तू उतरायचीस, डोक्याला बांधलेला फडका सोडून झटकायचीस आणि पहिल्यांदा शिंकायचीस. मी धावत येऊन तुझ्या पदरात तोंड खुपसायची आणि मलाही ठसका लागायचा. तुझ्या पदराच्या गाठीत तंबाखूच्या काड्या असायच्या, वखारीच्या दारात झडती घेणाऱ्याला चुकवून आणलेल्या. माझ्या डोक्यात उवा झाल्या, काड्यांचं पाणी. शेळीला गोचीड झाले, काड्यांचं पाणी. कोऱ्या चहाच्या रंगाचं ते पाणी तू चुलीवर ढवळत बसायचीस, आणि तुला सगळं येतं असं वाटायचं मला. स्वयंपाकघरात उभी राहून त्या वाफेत मी सुखानं डोळे मिटून घेतले होते. खाली रुबी बसली होती, तिला काय, गॅसवर काही चढलं म्हणजे आपल्यालाच.

काड्या किती आणि पाणी किती ते आठवेना, म्हणून अण्णाला फोन लावला. तो अजून बोरगावच्या बाजूला आपल्या घरीच असतो, शेत करतो. तू गेल्यावर माझं माहेर म्हणजे तोच एक भाऊ. म्हटलं, "अण्णा, आई तंबाखूचं पाणी करायची बघ, त्यात काड्या किती घालायची रं?"

"कशाला गं?"

"रुबीच्या अंगावर चट्टं उठल्यात. भगुलं चढवलंय गॅसवर."

तो एकदम म्हणाला, "गॅस बंद कर."

"आं?"

"गॅस बंद कर म्हटलं न्हवं आदी! वतून दे त्ये. कुत्रीला लावलं न्हाईस न्हवं?"

"न्हाय, अजून गार व्हायचंय."

"लावू नको. बोटबी लावू नको. त्येनंच गेला तांबू."

मी म्हटलं, काय बोलतोस, तांबू उंदराच्या औषधानं गेला. अण्णा म्हणाला, "आई तसं म्हणायची."

आता ती दुपार तुला मी सांगते. तू होतीस तिथं, पण माझ्या बाजूनं तू ती कधी बघितली नाहीस. तांबू आप्पांचा कुत्रा. तांबड्या अंगाचा, एक कान कायम पडलेला. आप्पा सायकलच्या नळीवर मला बसवून रानात न्यायचे तेव्हा तो शेजारून पळायचा, आणि आप्पा पायडल जोरात मारून त्याला हरवायला बघायचे आणि तो हरायचा नाही. त्या उन्हाळ्यात त्याच्या पाठीवर आणि पोटावर केस जाऊन खपल्या धरल्या होत्या. आप्पांनी तुला बजावलं होतं, त्याला काही लावू नको, निपाणीला डॉक्टरला दाखवून आणतो. पण आप्पांना सवड कधी मिळणार, आणि तुला धीर कधी होता? त्या दिवशी वखारीला सुट्टी होती. आप्पा बाजाराला गेलेले. तू भगुलंभर काढा केलास, चांगला दाट, आणि तांबूला परसात पेरूच्या झाडाला बांधून चिंधीनं घसाघसा चोळलास. खपल्या निघून खालची कातडी ओली लाल दिसत होती, त्यावर चोळलास. मग मला म्हणालीस, "वाळंपतूर सोडू नको त्येला," आणि तू आत जाऊन पडलीस.

मी बाजेवर बसून राखण करत होते. तांबू पाठ चाटायला लागला, पोट चाटायला लागला. मग तो कण्हायला लागला आणि दोरी ओढायला लागला. मला वाटलं, बिचाऱ्याला मोकळं व्हायचंय. मी गाठ सोडली. तो कुंपणाकडं गेला, करवंदीच्या जाळीमागं जरा वेळ दिसेनासा झाला, आणि परत आला तेव्हा त्याच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. मागचे पाय मटकन बसले. तो परत उठला, ओकला, थरथरायला लागला. मी तुला हाक मारली. तू बाहेर आलीस, त्याच्याकडं पाहिलंस, आणि आई, तुझा चेहरा मला आत्ता दिसतोय. इतकी वर्षं मला वाटायचं, तो चेहरा घाबरलेला होता. आता मला माहीत आहे की तू त्या क्षणी विचार करत होतीस. मग तू माझ्याकडं वळलीस आणि म्हणालीस, "सोडलीस व्हय तू त्येला? कुठं काय खाल्लं त्येनं? त्या पलीकडल्यांनी उंदराचं औषध टाकलंय, त्यात तोंड घातलं असणार. सांगिटलं हुतं न्हवं, सोडू नको म्हणून!" आणि मी त्याच क्षणी विश्वास ठेवला. दहा वर्षांची पोर आईवर नाही तर कुणावर विश्वास ठेवणार?

आप्पा आले तेव्हा तो गेला होता. तू दारातच सांगितलंस, हिनं सोडला, भाईर जाऊन औषध खाऊन आला. त्याच्या अंगावरचं तू तोवर दोन घागरी ओतून धुऊन काढलं होतंस. मला वाटलं होतं, मेल्यावर धुतात तसं तू त्याला धूत होतीस. मी रडत रडत तुला पाणी आणून देत होते. आई, माझ्याकडून घागरी भरून घेतल्यास गं तू. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण त्या संन्याशालाच कुणी सुळाला धार लावायला बसवलेलं मी अजून ऐकलं नाही.

अण्णानं फोनवर बाकीचं सांगितलं, तुटक तुटक, मधे मधे नाक ओढत. तुझ्या शेवटच्या आजारात तू त्याच्याजवळ बोललीस. आप्पा त्याच्या दोन वर्षं आधी गेले होते, म्हणून तोंड उघडलंस. "तांबू माझ्या हातनं गेला," म्हणालीस, "त्येनं चाटलं तवाच मला कळलं." तांबूनंतर तू ते पाणी पुन्हा केलं नाहीस, भगुलंसुद्धा जुन्या विहिरीत टाकलंस, हेही त्यालाच सांगितलंस. खरंच की. त्यानंतर माझ्या उवांना तू सीताफळाच्या बिया वाटून लावायला लागलीस आणि शेळीचे गोचीड हातानं वेचायला लागलीस. माझ्या लक्षातच आलं नाही. म्हणजे तुला नुसता संशय नव्हता, पक्कं ठाऊक होतं. अण्णा तुला म्हणाला, तिला सांग. तर तू म्हणालीस, "नको रं बाबा, ती लई रागीट हाय. ऐतवारी येती तीबी यायची बंद हुईल." आणि तो गाढव इतकी वर्षं तुझा शब्द पाळत बसला! मी त्याच्यावर इतकी ओरडले की आमचे हे बाहेरच्या खोलीतून धावत आले. मी म्हटलं, आत्ता पाणी गार झालं असतं तर, अण्णा? मी तुला फोन केला नसता तर? तो म्हणाला, "म्हणूनच सांगिटलं न्हवं." मग म्हणाला, "आता ती न्हाय तर कशाला उकरून काढतीस." सगळेच असं म्हणतात. उकरून काढायला मी थोडीच गेले होते, ते आपण होऊन पातेल्यात उकळत होतं.

मी ते पाणी मोरीत ओतलं, पातेलं परत परत घासलं, शेवटी कचऱ्याच्या गाडीत टाकलं. आणि लगेच रुबीला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण आहे, कन्नड बोलणारी, पण मराठी छान समजते. तिनं रुबीला टेबलावर घेऊन कान उलटा करून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "एन हच्चीरी?" काय लावलंत. मी म्हटलं, काही नाही. तिला खरं वाटेना. म्हणाली, "बघा हं आंटी, इथे येणारे सगळे आधी काहीतरी लावूनच येतात. तेल, चुना, फिनाईल, काय काय." मग कधीपासून आहे, खाजवते का, खाणं बदललं का, घरात माणसांना कुणाला खाज आहे का, असं सगळं विचारलं. मग छोट्या पात्यानं कातडी हलकेच खरवडून काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाच्या यंत्राला डोळा लावून बसली. कातडीत बारीक किडे झालेत म्हणाली, डोळ्यांना न दिसणारे. गोळ्या देते, पुन्हा दाखवायला आणा, आणि वरून एनू हच्चब्याड्री, काही म्हणजे काही लावू नका.

मी उठता उठता विचारलं, तंबाखूचं पाणी लावलं तर काय होतं? तिनं यंत्रावरून मान वर केली. म्हणाली, तुम्ही निपाणीच्या का? तिथनं आलेली असली कुत्री मी बघितलीत. कातडीतून शिरतं, आणि जखमेवर लावलं तर लवकर शिरतं, वरून ते चाटतं. मग लाळ सुटते, उलटी होते, अंग थरथरतं, पाय जातात. वेळेत आणलं तर कधी कधी वाचतं. ती एकेक सांगत होती आणि मला पेरूचं झाड दिसत होतं. मी विचारलं, दोरी ओढतं का? म्हणजे कण्हतं आणि सुटायला बघतं का? ती म्हणाली, हो, अस्वस्थ होतंच ना ते, आधीपासूनच. तेव्हा मला कळलं आई. तांबूला मोकळं व्हायचं नव्हतं. मी गाठ सोडली तेव्हा तो मरायला लागलाच होता. मी सोडला नसता तरी तो पेरूच्या बुंध्याशी मेला असता, आणि मग तू काय सांगितलं असतंस? त्या टेबलाला धरून मी रडले. डॉक्टरणीला वाटलं मी रुबीसाठी रडते. तिनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, बरी होईल हो ती, खूप साधं आहे हे.

तू असं का केलंस हे मला न कळण्याइतकी मी मूर्ख नाही. आप्पा तुझ्यावर हात उचलायचे. भाकरी करपली तरी उचलायचे, मग त्यांनी नको म्हटलेलं करून त्यांचा लाडका कुत्रा मारलास म्हटल्यावर काय केलं असतं, ते तुला त्या क्षणात दिसलं असणार. माझ्यावर त्यांनी कधी बोट उचललं नव्हतं. तू हिशोब केलास, पोरीला काही व्हायचं नाही. आणि बरोबर होता तुझा हिशोब, मला मार पडला नाही. आप्पांनी मला शिवीसुद्धा दिली नाही. ते माझ्याकडं नुसते बघून आत गेले. दुसऱ्या दिवशी सायकल काढली, मी नेहमीसारखी उंबऱ्यात येऊन उभी राहिले, आणि ते नळीवरची धूळ पुसून एकटेच निघून गेले. मी रोज उभी राहायची. एक दिवस उभं राहायचं सोडून दिलं. त्याआधी ते मला चारचौघांत "माझी वाघीण" म्हणायचे, ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत. मार मला चालला असता आई. मार विसरला जातो, तूच विसरायचीस की, संध्याकाळी त्यांनाच गरम भाकरी वाढायचीस. मला जे झालं त्याला वळ नव्हता, म्हणून तुला वाटलं काही झालंच नाही.

आणि मग तू ते वाक्य धरलंस. शेळीचं करडू मी उचललं की, "ठेव खाली, हिच्या हाती जित्राब टिकत न्हाय." चुलतीनं तान्हं बाळ माझ्या मांडीवर दिलं की तू हसत हसत, "हिला नको गं, तांबूचं काय झालं म्हाईत हाय न्हवं." सगळे हसायचे. खाई त्याला खवखवे म्हणतात. तुझा घसा खवखवला की तू माझ्याकडं बोट दाखवायचीस. लग्नात चुलत बहिणीला आप्पांनी आंदण म्हणून गाय दिली, दावं हातात धरून तिच्या सासऱ्याकडं सोपवली. मला पितळेची भांडी. शहापुरात गोठा कुठला, असं सगळ्यांना सांगितलं, आणि ते सगळ्यांना पटलं. मांडवात मी आप्पांकडं पाहिलं आणि त्यांनी नजर दुसरीकडं वळवली. तू तिथंच शेजारी उभी होतीस, माझी ओटी भरत होतीस. तेव्हा तरी त्यांच्या कानात सांगायचंस. मुलगी उठून चालली होती, मांडवात पाहुणे होते, त्या दिवशी त्यांनी तुला काय केलं असतं?

तांबू गेल्यावर तू निपाणीच्या बाजारातून मला परकराचं कापड आणलं होतंस, हिरवं, बारीक लाल फुलांचं. सणवार काही नव्हता. मी ते फाटेपर्यंत नेसले. आईनं माझी चूक पोटात घातली म्हणून मला भरून यायचं. आता कळतंय ती समजूत नव्हती, लाच होती, आणि कापड मात्र खरंच चांगलं होतं, हा आणखी वेगळा राग. आणि तुझ्या शेवटच्या महिन्यांतले ते रविवार! मी शहापुरातून दोन बस बदलून यायची, तुझी वेणी घालायची, पाठीला जखमा झाल्या होत्या त्यांना मलम लावायची. तू पालथी पडून म्हणायचीस, "तुजा हात लई हलका हाय गं." मला काय आनंद व्हायचा त्याचा! माझ्या हाताबद्दल तू जन्मात बोललेलं एकच चांगलं वाक्य. आता प्रश्न पडतो, ते तू कबूल करत होतीस का? करत असशील तर ते मला चालणार नाही. तोंड उशीत खुपसून बोललेलं मी धरत नाही. खोली रिकामी होती, आप्पा नव्हते, मी होते आणि माझा हात तुझ्या पाठीवर होता. आणखी काय पाहिजे होतं तुला? मी रागावले असते, होय, चार रविवार आले नसते. पाचव्याला आले असते आई. एवढंसुद्धा ओळखलं नाहीस तू मला.

रुबी बरी आहे. कानामागं बारीक लव आली आहे, बोट फिरवलं की कळते. गोळ्या मी माझ्या हातानं देते, भाकरीच्या तुकड्यात घालून. काल तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं. बरीच जड आहे, आणि तिला ते मुळीच आवडलं नाही. शेजारच्या आक्कांना सांगितलं, तंबाखू नको आणि तुमचं तेलही नको. त्या म्हणाल्या, मग आईचं औषध म्हणत हुतीस ते? मी म्हटलं, आईला काही कळत नव्हतं. म्हटलं आणि मग दुपारभर जेवण गेलं नाही.

हे पत्र जाणार कुठं आणि नेणार कोण, ते मला कळतं. तरी एक तुला सांगते. मी लिहायला बसले ते आधी तुला नाही. आधी आप्पांना लिहायला घेतलं होतं. मला तेच हवं होतं, दुसरं काही नाही. "आप्पा, तांबूला मी नाही मारलं," एवढं लिहिलं, मोठ्या अक्षरात, आणि बरं वाटलं. मग पुढचं वाक्य लिहायचं तर तुझं नाव घ्यावं लागत होतं. पेन धरून बसले आणि मला ते दिसायला लागले, बाजारातून आलेले, पिशवी खाली ठेवून चपला न काढताच स्वयंपाकघरात तुझ्याकडं निघालेले. मेलेली माणसं कुणाला मारत नसतात, हे मला माहीत आहे. तरी मी तो कागद फाडला, बारीक फाडला, आणि नवा घेऊन तुला लिहायला बसले. त्यांच्या लेखी तांबूला मीच सोडलं होतं. तसंच राहू दे.